शर्मूने कोर्टात केलेलं भाषण

पोरगी देऊन सुबोध पालवाने फ्लॅट राखला, ही बातमी मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीत तीन दिवस जिना चढत-उतरत होती. बातमी झकास होती. खोटी होती, एवढाच काय तो तिच्यात दोष. फ्लॅट सुबोधच्या वडिलांच्या, गुणाजींच्या नावावर, आणि घटस्फोट मागताना बायकोने, अक्षताने, फ्लॅटचं नावही काढलं नव्हतं. तिला हवी होती फक्त शर्मिष्ठा, वय वर्षं नऊ. सुबोधलाही तीच हवी होती.

सुबोध भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो, पण खरा जीव वक्तृत्व स्पर्धेत. गणपतीत सोसायटीच्या सगळ्या पोरांची भाषणं तोच लिहिणार, तोच बसवणार. विषय ‘माझा आवडता सण’ असो की ‘प्लास्टिकबंदी’, तिसऱ्या वाक्याला उजवा हात वर जाणार म्हणजे जाणार. गडी माईकसमोर धो धो वाहायचा. बायकोसमोर मात्र पाणीकपात. अंधेरीच्या हॉस्पिटलात नर्स असलेली अक्षता ड्युटीवरून येऊन काही विचारी, तर हा ‘हं’ आणि ‘बघू’. अशी अकरा वर्षं बघून बघून ती पार्ल्याला आईकडे निघून गेली. शर्मूची शाळा मुलुंडला, म्हणून निकाल लागेपर्यंत ती बापाकडे आणि शनिवार-रविवार आईकडे.

वकिलाने सुबोधला समजावलं होतं, “जज मॅडम मुलीला आत बोलावतील, एकटीशी बोलतील. तिचं मन कुणाकडे आहे ते बघतील. शिकवून-बिकवून पाठवू नका हं, लगेच कळतं.”

यातलं ‘बोलतील’ एवढंच सुबोधच्या कानात शिरलं. घरी येऊन त्याने फुलस्केपवर पानभर मजकूर लिहिला आणि शर्मूला हॉलमध्ये उभं केलं.

एका वाक्यावर ती अडली. “बाबा, ‘आई मला रात्री एकटीला टाकून जायची’ हे चुकलंय. तिची नाइट ड्युटी असली तरी तू असायचास ना घरी?”

“तेवढं खोलात जायचं नसतं गं. वजन कमी होतं भाषणाचं. चल, पुन्हा. हात!”

शर्मूने हात वर केला. भाषणातलं बापालाच जास्त कळतं, असं पोरीला वाटायचं.

वांद्र्याच्या कोर्टात तारखेच्या दिवशी शर्मू मॅडमच्या चेंबरमध्ये गेली. बाहेरच्या बाकाच्या एका टोकाला अक्षता, दुसऱ्या टोकाला सुबोध. तो ओठातल्या ओठात भाषण म्हणत होता, पोरगी कुठवर आली असेल याचा अंदाज घेत. थोड्या वेळाने शर्मूला खेळण्यांच्या खोलीत पाठवलं आणि या दोघांना आत बोलावलं.

मॅडम रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर सुबोधला बरं वाटलं असतं.

“मिस्टर पालव, तुमची मुलगी आत आली, मधोमध उभी राहिली आणि ‘अध्यक्ष महाशय’ म्हणून सुरू झाली. शेवटी ‘एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवते, जय हिंद, जय महाराष्ट्र’. मग मला विचारलं, ‘मॅडम, नंबर आला का?’”

सुबोधच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

“मी तिला विचारलं, ‘आई खरंच तुला एकटीला टाकून जायची?’ तर म्हणाली, ‘नाही, बाबा असायचे. पण ते भाषणात नाही.’”

टेबलाशी बसलेल्या टायपिस्ट बाईंनी मान खाली घातली. मॅडम पुढे सांगत होत्या, की मूल काय म्हणतं तेवढ्यावरच निकाल देत नाहीत. त्याची शाळा, दुखणीखुपणी, त्याच्यासाठी कुणाला किती वेळ आहे, सगळं बघायचं असतं. “आणि आईविरुद्ध पाठांतर कोण करून घेतं, तेही.”

अक्षता त्याच्याकडे वळली. ती भांडली नाही. हळूच म्हणाली, “हातवारे पण बसवलेस का रे?”

त्याने होकारार्थी मान हलवली. मेल्याहून मेल्यासारखं म्हणतात ते हेच.

परत येताना रिक्षात शर्मूने विचारलं, “बाबा, शेवट मी विसरले नाही. मग मॅडमनी टाळ्या का नाही वाजवल्या?”

“आईबद्दल मी लिहिलं ते खरं नव्हतं, शर्मू.”

“मग मला पाठ कशाला करायला लावलंस?”



दुसऱ्या दिवशी तो वकिलाकडे गेला. मुलगी आईकडे राहू दे; मला शनिवार-रविवार आणि अर्धी सुट्टी द्या, म्हणाला. वकील चक्रावला. “अहो, अजून लढता येईल.”

“कुणाला पुढे करून लढू? तिलाच ना?”

मॅडमनी शर्मूला पुन्हा एकदा बोलावून, या वेळी नुसत्या गप्पा मारून, तसा हुकूम दिला. परीक्षा संपल्यावर शर्मू पार्ल्याला गेली. तिची बॅग सुबोधनेच भरली आणि पोचवलीही त्यानेच. तोवर इकडे फ्लॅटची बातमी तयारच होती.

यंदा गणपतीच्या मीटिंगला सुबोध मागच्या खुर्चीत अंग चोरून बसला. सांस्कृतिक समितीच्या रत्नप्रभाकाकूंनी, जिभेला हाड नसलेल्या बाईंनी, सगळ्यांसमोर त्याला गाठलंच. “काय रे सुबोध, कोर्टात पोरीने भाषण गाजवलं म्हणे! मग हरलास कसा? काही चुकली की काय बिचारी?”

हशा पिकला. सुबोध उभा राहिला.

“तिचं काहीच चुकलं नाही, काकू. खोटं मी लिहिलं होतं.”