आईचं सोवळ्याचं लुगडं

क्लबच्या मेळाव्याला राणी होऊन यायचं, असा निरोप आला तेव्हा मला नाही म्हणता आलं नाही. कुंभकोणममधल्या त्या क्लबने माझी कॉलेजची फी भरली होती. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. अशा लोकांना नाही कसं म्हणतात, हे मला घरी कुणी शिकवलेलं नव्हतं.

सेक्रेटरी मॅडमनी फोनवर सगळं समजावलं. क्लबने फी भरलेल्या आम्ही मुलांनी वेष करून उभं राहायचं, पाहुण्यांनी आमच्याबरोबर फोटो काढायचे आणि त्याबदली अनाथ मुलांच्या शाळेसाठी देणगी द्यायची. "तुम्ही लोक मराठी ना गं? मग तू तंजावरची राणी हो."

राणीसारखं म्हणावं असं घरात एकच होतं, आईचं तांबडं नऊवारी लुगडं. आई इथल्या मराठी घरांत श्राद्धाचा स्वयंपाक करते. त्यासाठी धुऊन, कुणाचाही हात न लागता वाळलेलं लुगडं लागतं. तिच्याकडे तशी दोन होती, पण दुसऱ्याला चुलीची ठिणगी लागून भोक पडलं होतं, आणि जळकं वस्त्र श्राद्धाला चालत नाही. मेळाव्याच्या दुसऱ्याच दिवशी मेलकावेरीत एका घरी तिचं काम होतं.

"चारला संपेल," मी म्हणाले. "आले की लगेच धुवायला मिळेल. उन्हं असतील तोवर."

आईने काठीने वलणीवरून लुगडं खाली घेतलं आणि मला तिच्या पद्धतीने नेसवलं. "उद्याचं काम आहे," एवढंच म्हणाली.

हॉलच्या दारात मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हे काय, स्वयंपाकीण वाटतेस! सिनेमात मराठी बायका अशा नसतात." त्यांनी डोळ्यांच्या पेन्सिलीने माझ्या कपाळावर चंद्रकोर काढली, कुणाची तरी मोठी नथ माझ्या नाकाला दाबून बसवली. आमच्या घरच्या बायका असं काही लावत नाहीत, हे सांगावंसं वाटलं. मी हसले.

शेजारी माझा वर्गमित्र ख्रिसमस पप्पा होऊन उभा होता. कापसाच्या दाढीखाली त्याला घाम फुटला होता.

"महाराणी, खुर्ची मागवा की. राज्य तुमचं आहे."

"तूच दे. पोतं भरून आणलंयस ना?"

"पोत्यात वर्तमानपत्रं आहेत. आणि माझी डब्याची पिशवी."

प्रमुख पाहुणे यायचे होते, म्हणून चार वाजता काही संपलं नाही. पाचलाही नाही. फोटो चालूच होते. लोक यायचे, खांद्यावर हात ठेवायचे, जायचे. माझे गाल हसून दुखायला लागले होते. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत गेलं आणि मी त्याच्याकडेच बघत होते. मॅडमना सांगायला दोनदा पुढे झाले. दोन्ही वेळा त्या कुणाशी तरी बोलत होत्या आणि मी परत जागेवर येऊन उभी राहिले. तेवढ्यात एक लहान मुलगी फोटोसाठी धावत आली आणि तिच्या हातातलं रोझमिल्क निऱ्यांवर सांडलं. तिची आई रागावली. "असू द्या, राणी माफ करते," मॅडम म्हणाल्या, आणि सगळे हसले.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण होऊन गेली होती. लुगडं मी धुऊन चालणार नव्हतं. आईने त्या गारठ्यात पुन्हा अंगावर पाणी घेतलं, डाग घासून काढला आणि ते उंच वलणीवर टाकलं. मार्गळीत, इथल्या थंडीच्या महिन्यात, सगळं दवाने भिजतं. पहाटे मी खालूनच पाहिलं, काठांतून थेंब पडत होते.

"दुसरं नेस," मी म्हणाले. "भोक निऱ्यांत लपेल."

"लोकांपासून लपेल." आईने काठी उचलली. "ओलं चालतं. जळकं नाही."

तिने ते पिळलं आणि तसंच नेसली. तिचे दात वाजत होते. मी शाल आणली, पण शिवायचं नव्हतं, आणि शाल सोवळ्याची नव्हती. ती माझ्याच हातात राहिली. एका रिक्षावाल्याने वेग कमी केला, आईने नको म्हणून मान हलवली. मेलकावेरीपर्यंत ती पुढे आणि कच्च्या केळ्यांची पिशवी घेऊन मी दोन हात मागे, असं आम्ही चालत गेलो. रस्त्यावर तिच्या पावलांचे ओले ठसे उमटत होते.

मागच्या दारात त्या घरच्या काकू उभ्या होत्या. "अगं, हे ओलंचिंब कसं? आदल्या दिवशी धुवायला काय झालं होतं?"

"धुतलं होतं, काकू. दव फार पडलं."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. चंद्रकोरीची काळी रेघ माझ्या कपाळावरून पुरती गेलेली नव्हती. लुगडं मी नेलं होतं, हे सांगण्याची ती वेळ होती. मी पिशवी उंबऱ्याबाहेर ठेवली आणि म्हणाले, "हो, फार दव होतं."

आई आत गेली. गॅस पेटल्याचा आवाज आला. आता तिला ऊब मिळेल, असं मनाशी म्हणत मी शाल हातात घेऊन तिथेच थोडा वेळ उभी राहिले.