तोडलेलं पाणी

मोर्शीकडच्या संत्रावाल्यांना एक गोष्ट शिकवावी लागत नाही: झाडाचं पाणी कधी तोडायचं आणि कधी सोडायचं. मृगाचा बहार हवा असेल तर भर उन्हाळ्यात पाणी तोडतात. झाड तहानेनं कोमेजतं, पानं वळतात, आणि नेमक्या दिवशी पाणी दिलं की फुलांनी लदबदतं. याला ताण देणं म्हणतात. दिवस चुकला की मात्र झाड हातचं जातं. गजेंद्रनं बगीचा स्वतः पाहायला घेतला त्या पहिल्याच वर्षी आठ दिवसांची जास्तीची हाव केली आणि धुऱ्याकडची, म्हणजे बांधालगतची, अकरा झाडं उभ्या उभ्या वाळली. ती अजून तशीच आहेत. त्याचे वडील नत्थुजी तोडू देत नाहीत. म्हणतात, "राहू दे. पाह्यशीन त डोकं ठिकाणावर राहीन."

तर असा हा गजेंद्र, वय चौतीस, पान पाहून झाडाच्या मनातलं सांगणारा. आणि घरात तीन वर्षांची रागिणी, जिच्या मनातलं त्याला काही केल्या कळत नव्हतं.

रागिणी बोलत नसे. दीड वर्षाची असताना दोनचार शब्द आले होते, तेही गेले. नावानं हाक मारली तर वळत नसे. पण शेजारच्या खोलीत बिस्किटाचा पुडा फाडला की धावत येई, म्हणजे कान शाबूत होते. पाहुणे म्हणत, "किती गुणाची पोरगी, बसवलं तिथं बसते." ते ऐकून तिची आई प्रणाली उठून आत जाई.

एप्रिलमध्ये अमरावतीच्या एका डॉक्टरीणबाईंनी तिला अर्धा तास पाहिलं. "ऑटिझम असू शकतो," त्या म्हणाल्या. "आहेच असं नाही, पण तपासणी करून घ्या. लवकर कळलं तर पुष्कळ करता येतं." बाहेरच्या खिडकीवर चिठ्ठीत तारीख लिहून मिळाली, बारा मे. प्रणाली तोवर पोरीला घेऊन खाली गेली होती. गजेंद्रनं चिठ्ठी खिशात घातली आणि बायकोला सांगितलं, "जुलैतली तारीख भेटली." घरी आल्यावर ती चिठ्ठी त्यानं बगीच्यातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत, स्टार्टरच्या पेटीमागं खोचून ठेवली. माणूस वाईट नव्हता. भ्याला होता. आणि भ्यालेला माणूस शहाण्यासारखा बोलू लागला की त्याच्यापासून सांभाळून राहावं.

बारा मे आली आणि गेली.

वीस तारखेला प्रणाली चुलतबहिणीच्या लग्नाला अंजनगाव सुर्जीला निघाली. रागिणीला बँडचा आवाज सोसत नसे, म्हणून ती बापाजवळ राहिली. जाताना प्रणाली म्हणाली, "पाणी पाजत राहजा तिले. ते मांगत नाही."

हे 'मांगत नाही' गजेंद्रच्या डोक्यात रुतून बसलं. मागायच्या आत सगळं तोंडाशी नेऊन दिलं तर पोरगी तोंड उघडेल कशाला? सदा पाणी पिणारं झाड पानांनी माजतं, फुलत नाही. बगीच्यात गेल्यावर त्यानं मोटारीच्या खोलीतला माठ उचलून उंच फळीवर ठेवला. एक शब्द हवा होता. नुसतं 'पा' म्हटलं तरी चालणार होतं. त्यात त्याला क्रूर असं काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

रागिणी दारातल्या सावलीत गळलेल्या पानांची ओळ लावत होती, सगळे देठ एका बाजूला. अकराच्या सुमारास ती उठली, बापाचं मनगट धरलं आणि त्याचा हात माठाकडे ढकलला. तोंडाकडे पाहिलं नाही. त्यानं हात सोडवून घेतला.

"तोंडानं मांग. पाणी म्हण."

ती पानांकडे परतली. थोड्या वेळानं पुन्हा आली, पुन्हा मनगट धरलं. तिसऱ्यांदा आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. पण हातातोंडाशी आलेला बहार कोण सोडतो? "म्हण ना माय, पाणी," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

त्यानंतर ती आली नाही. त्याला वाटलं, आता म्हणेलच. तेवढ्यात नत्थुजींचा फोन आला, "तिकडल्या ओळीतले पानं वळले का पाह्य रे." तो पाहायला गेला. परत आला तेव्हा पानांची ओळ होती, पोरगी नव्हती.

"रागिणी!"

मग मोठ्यानं. मग घसा फाटेपर्यंत. बगीच्यात वारा नव्हता, पाखरू नव्हतं. वर्षभर जे त्यानं बायकोशी, बापाशी, स्वतःशी नाकारलं, तेच त्याला आता आपल्या आवाजात ऐकू येत होतं. ही पोरगी हाकेला वळत नाही. दहा पावलांवर असली तरी ओ देणार नाही.

तो शेततळ्याकडे पळाला. काळ्या प्लॅस्टिकचा तो उतार असा, की घसरलेला मोठा माणूसही वर येत नाही. पाणी स्तब्ध होतं. वर काही दिसत नव्हतं. तरी त्याचा जीव भांड्यात पडेना.

ती सापडली धुऱ्याकडं, त्या अकरा वाळलेल्या झाडांपलीकडच्या ओळीत. ठिबकची नळी दोन्ही हातांनी तोंडाशी धरून चोखत होती. नळी कोरडी होती. तिचं पाणी गजेंद्रनंच तीन आठवड्यांपूर्वी तोडलं होतं. त्यानं गुडघे टेकले. ती रडली नाही. त्याचं मनगट धरून तिनं त्याचा हात त्या कोरड्या नळीवर ठेवला.

अंगातलं पाणी आटलं म्हणून मोर्शीच्या दवाखान्यात रागिणीला संध्याकाळपर्यंत सलाईन चालू होतं. मोटारसायकल काढण्याआधी त्यानं पेटीमागची चिठ्ठी तेवढी खिशात घातली होती. प्रणाली लग्नातून थेट तिथंच आली.

"कसं झालं हे? काहून नाही देल्लं पाणी? तिनं मांगतलं नाही म्हून?"

"मांगतलं," गजेंद्र म्हणाला. "तीनदा मांगतलं. म्याच नाही देल्लं."

मग त्यानं चिठ्ठी तिच्या हातात दिली. प्रणालीनं तारीख वाचली, पुन्हा वाचली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

अंधार पडता पडता रागिणीनं डोळे उघडले. पाण्याची बाटली गजेंद्रच्या बाजूला स्टुलावर होती. त्यानं आपला हात हळूच तिच्या हाताशी नेऊन ठेवला आणि वाट पाहिली. तिनं तो हात ओलांडला, पलीकडं बसलेल्या आईचं मनगट धरलं, आणि बाटलीकडं ढकललं.