रोजंदारीवरचे तिघे

माझ्या हातचा एक कागद मुंबईला गेला आणि कल्याणच्या टीममधला सगळ्यांत चांगला गडी बाहेर पडला. नियमच तसा होता, असे सगळे म्हणतात. हे वाक्य मी दोन वर्षे ऐकते आहे. घरात मी फारशी बोलत नाही, म्हणून लिहून ठेवते.

नाना, म्हणजे माझे वडील, कल्याणच्या लोकोशेडमध्ये हेडक्लार्क. टेंभी नाक्यावर मावशीकडे राहून मी ठाण्याच्या मिशनच्या मुलींच्या शाळेत शिकले. परत आले तेव्हा मुलीला एवढे इंग्रजी शिकवून काय मिळवले, असे नातेवाईक नानांना विचारत. नानांनी माझ्या इंग्रजीला काम शोधून दिले. शेडचे फोरमन साहेब विलायतेच्या उत्तरेकडून आलेले, इंजिनाच्या कामात पटाईत. पण त्यांचे अक्षर त्यांनाच लागत नसे. त्यांनी शेडच्या लोकांचा लांबट चेंडूच्या खेळाचा क्लब काढला होता. क्लबची पत्रे ते नानांना सांगत आणि मी ती घरी बसून सुवाच्य लिहून देई.

हा खेळ आपल्या हुतुतूपेक्षा आडदांड. चेंडू काखेत धरून पळायचे, समोरच्यांनी कमरेला मिठी घालून आडवे करायचे. मैदान मऊ लागते, म्हणून हंगाम आषाढापासून दसऱ्यापर्यंत. टीममध्ये गोरे ड्रायव्हर, फिटर, दोनतीन गोवेकर, आणि खाडीपलीकडच्या गावातले तीन आगरी. पावसाळ्यात मिठागरे बंद, त्यामुळे ते तिघे चार महिने शेडमध्ये कोळसा भरायला येत. त्यांच्यातला एक उंच, सावळा होता. मिठाची पाटी डोक्यावर घेऊन हातभर रुंदीच्या बांधावरून धावायची त्याला लहानपणापासून सवय. तिथे पाय चुकला की चिखलात. त्यामुळे कुणी अंगावर आले की तो थांबत नसे, वळतही नसे. नुसता कमरेतून हलून निसटे. मी हे नानांच्या कचेरीच्या खिडकीतून पाहत असे. मैदानाकडेच्या खुर्च्या मडमांसाठी होत्या.

त्या हंगामात टीम हरलीच नाही. पलटणीला हरवले, बंदरावरच्या गोऱ्यांना हरवले. शेवटचा सामना मुंबईच्या बड्या साहेबलोकांच्या क्लबाशी, त्यांच्या मैदानावर ठरला. त्याआधी त्यांच्या सेक्रेटरीचा छापील कागद आला. प्रश्न असा: खेळाच्या निमित्ताने कोणत्या खेळाडूस काही पैसे मिळतात काय? मिळत असल्यास कोणास व किती?

सामन्याच्या दिवशी शेडच्या हजेरीवहीत कोणापुढे काय मांडले जाते, हे मला नानांकडून ठाऊक होते. ड्रायव्हर आणि फिटर महिन्याच्या पगारावरचे. त्यांच्या नावापुढे ‘भरपगारी रजा’. आगरी रोजंदारीवरचे. त्यांच्या नावापुढे शून्य. शून्य म्हणजे त्या दिवशी घरात चूल कशी पेटायची हा प्रश्न, म्हणून साहेब क्लबच्या वर्गणीतून त्यांना बुडालेला रोज देत. जास्त नाही, तेवढाच.

शाळेत आम्हाला एक गोष्ट पक्की शिकवली होती: प्रश्न नीट वाचा, विचारले तेवढ्याचेच उत्तर द्या. मी तेवढेच दिले. क्लबकडून तिघांना पैसे मिळतात, म्हणून तीन नावे लिहिली आणि पुढे रोजाचा आकडा. रजेबद्दल कुणी विचारले नव्हते. नानांनी वरवर पाहिले, साहेबांनी न वाचता सही केली.

आठ दिवसांत उत्तर आले. हे तिघे पैशासाठी खेळणारे ठरतात. सद्गृहस्थांच्या खेळात अशांना जागा नाही. त्यांना वगळल्यास सामना होईल.

ते पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. भरपगारी रजा घेऊन खेळणारा ड्रायव्हर सद्गृहस्थ. मुंबईचे ते साहेबलोक तर कचेरीतून दुपारीच उठत, क्लबच्या खर्चाने गाडीच्या पहिल्या वर्गातून फिरत आणि खेळ संपल्यावर क्लबातच जेवत, तेही सद्गृहस्थ. आणि दिवसभर कोळसा भरून जे मिळाले असते तेवढेच हातावर घेणारा तो मात्र पैशाचा लोभी.

दुसऱ्या दिवशी त्या उंच आगऱ्याची बायको दारात टोपली घेऊन आली. आमच्याकडे कोळंबी तीच द्यायची. टोपली खाली न ठेवताच म्हणाली, “बाय, तुज्या कागदानं माज्या दादल्याला भायेर काढला म्हनं.”

“मी जे खरं होतं तेच लिहिलं.”

“खरा लिवलास ना? मंग बाकीच्यांचा बी खरा लिवाचा व्हता. का शाई संपली?”

तिने कोळंबी मोजून दिली, नेहमीइतकीच, आणि गेली.

मी रात्रीपर्यंत थांबले नाही. दुपारीच बसून दुसरे पत्र लिहिले. कोणाला किती भरपगारी रजा, कोणाला प्रवासखर्च, सगळे. मग खाली विचारले की यात आणि आगऱ्यांच्या रोजात फरक कोणता. नाना घरी आले, त्यांनी उभ्यानेच वाचले.

“अगं, ही शेडची हजेरी आहे. बाहेर गेली तर माझी नोकरी जाईल.”

“पण खोटं आहे का यात काही?”

“खोटं असतं तर एवढी भीती नसती.”

नानांवर मी रागावू शकले नाही, याचाही मला राग आला. मी म्हटले, पोस्टात टाकत नाही, फोरमन साहेबांना देते. सही त्यांची, निर्णय त्यांचा. संध्याकाळी ते मला घेऊन शेडवर गेले. त्याआधी मी साहेबांशी एक शब्द बोलले नव्हते. हात पुढे करून कागद दिला आणि इंग्रजीत म्हटले की हे पाठवावे, नाहीतर सामना सोडून द्यावा.

साहेबांनी शेवटपर्यंत वाचले. त्यांचे कान लाल झाले. मला वाटले, आता हा माणूस सही करणार. तो स्वतः कामगाराचा मुलगा होता, तसे तो अभिमानाने सांगे. त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाला, “मिस, तुमचे इंग्रजी फार सुरेख आहे.” मग नानांकडे वळून हिंदुस्थानीत, “एक ही मॅच बाकी है, बाबू. अगले साल देखेंगा.”

टीमने मत घेतले. तिघांनी राहावे म्हणून एकही हात वर झाला नाही. ज्यांच्या हातात त्याने हंगामभर चेंडू आणून दिला होता, त्यांचे ते हात.

सामना ते हरले. मला आनंद झाला, आणि मी तो लपवणार नाही.

पुढच्या आषाढात साहेबांना त्या उंच गड्याची आठवण झाली. मुंबईच्या क्लबाशी सामना त्या वर्षी नव्हता, म्हणजे नियमही नव्हता. नानांमार्फत निरोप गेला. उत्तर त्याची बायको घेऊन आली, आणि नानांना नाही, मला म्हणाली, “लिव. हजेरीच्या वहीन त्याची हजेरी मांडा म्हनावा, गोऱ्यांची मांडतात तशी. मंग येल. हातावर पैसं नको.”

“साहेब ऐकायचे नाहीत.”

“आयकू नको दे. तू लिव.”

मी तिच्यासमोरच लिहिले, एक शब्द न गाळता, आणि वाचून तिला मराठीत सांगितले. तिने दोनदा विचारले, “नको लिवलास ना?” लिहिले होते.

रोजंदारीवरच्या माणसाला रजा कशी देता येईल, असे साहेबांनी नानांना विचारले आणि विषय संपवला. त्या हंगामात तो शेडमध्ये कोळसा भरत होता. मैदानावरून आरडाओरडा ऐकू आला तरी त्याने फावडे खाली ठेवलेले मी पाहिले नाही.