आवाज कुठवर जातो

माझ्या लॅपटॉपमधून गाणं असं कधी वाजलंच नाही. माऊस हलवला की किर्र, चार्जर लावला की घूं, आणि त्या दोन्हींच्या मधून वाट काढत कुणी बाई गात असायची. दोन वर्षं मी हे ऐकून घेतलं. मग निवृत्ती जवळ आलेला माणूस जे करतो तेच मी केलं, इंटरनेटवर वाचत बसलो.

तिथं कळलं की बाईचा काही दोष नाही. कॉम्प्युटर गाणं आकड्यांत साठवतो. त्या आकड्यांचा परत आवाज करायचं काम लॅपटॉप इतर शंभर कामांच्या गडबडीत कसंबसं उरकतो. तेवढं एकच काम मन लावून करणारी वेगळी डबी मिळते, तिला डॅक म्हणतात. काही डबे मोटारसायकलच्या किमतीचे असतात, पण बऱ्यापैकी बुटांच्या किमतीतही एक येतो. तो घेतलेल्यांची मतं वाचली तर लग्नानंतर त्यांच्या आयुष्यात एवढं मोठं दुसरं काही घडलेलं दिसत नव्हतं. मी मागवला. ‘डॅक आला’ असं बायकोला ओरडून सांगितलं, तिनं ‘डाक आली’ असं ऐकलं आणि बराच वेळ फाटकातल्या पेटीत लाईटबिल शोधत होती.

यामागं माझा एक हेतू होता. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक गाणं खुर्चीत बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत, माझ्यासोबत ऐकावं. मी पंचावन्न वर्षांचा आहे आणि हे एकदाही घडलेलं नव्हतं. हट्ट म्हणाल तर हट्ट.

आबांचं आयुष्य गाण्यांत गेलं, पण गाणाऱ्यांसारखं नाही. कन्नड तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. दोन भोंगे, एक मशीन, तबकड्यांची एक पत्र्याची पेटी. लग्न असलं की भोंगे लिंबाच्या झाडाला बांधायचे, तबकडी लावायची आणि चालू पडायचं. अक्षरशः चालू पडायचं. मशीन कुणाच्या तरी भरवशावर सोडून आबा शेतातून, पांदीनं, थेट पुढच्या गावाच्या रस्त्याला लागायचे. आवाज कुठवर जातो ते बघायला. परत आले की यजमानाला सांगायचे, ‘पार ओढ्यापल्याड जातोय.’ यजमान खूश. लहानपणी मीही शाळेत सगळ्यांना सांगायचो की माझ्या वडिलांचा आवाज ओढा ओलांडतो.

दोन वर्षांपूर्वी ते शहरात, आमच्या हडको कॉलनीतल्या घरी राहायला आले. वय एकोणऐंशी, पाय शाबूत, कान माझ्याहून चांगले. गाणं लावलं की आजही उठतात, पायात चपला सरकवतात आणि ‘आलोच’ म्हणून फाटकाबाहेर जातात.

डबी जोडताना ते शेजारी येऊन उभे राहिले. साबणाच्या वडीएवढी ती वस्तू त्यांनी हातात घेतली, वजन केलं, परत दिली.

“काय करती ही?”

मी दहा मिनिटं समजावलं. आकडे, त्यांचा वेग, लॅपटॉपच्या आतली गर्दी, सगळं. एका कागदावर लाटाही काढून दाखवल्या.

“म्हंजे पिन बदलली,” आबा म्हणाले.

तबकडीवर फिरते ती पिन. खाचेतून आवाज काढायचं काम तिचं. मला हे इतकं बरोबर वाटलं की राग आला.

गाणं लावलं तर पुन्हा घूं. डबी नवी, वायरी नव्या, घूं जुनाच. मी गाणं थांबवून पुन्हा इंटरनेट उघडायच्या बेतात होतो.

“चार्जर काढ,” आबा म्हणाले.

“चार्जरचा काय संबंध?”

“काढ तर.”

काढला. घूं गेला. इतकी शांतता झाली की पंखा ऐकू यायला लागला.

“अर्थिंगचं दुखणं हाय ते. तुझं मशीन एका बोर्डावर, स्पीकर दुसऱ्या बोर्डावर. दोघं भांडत्यात,” असं म्हणून त्यांनी चपला घातल्या. “लाव गाणं. आलोच.”

त्यानंतरचे आठ दिवस मी आणि आबा एकमेकांना कामाला लावत होतो. दोन स्पीकर आणि एक खुर्ची यांचा त्रिकोण बरोबर जमला पाहिजे असं मी वाचलं होतं, म्हणून फरशीवर खडूनं खुणा केल्या. खुर्ची हॉलच्या ऐन मध्यावर आली. बायको येता-जाता तिला अडखळायची. “या खुणा पुसायच्या का जपायच्या, एकदाचं सांगा,” असं तिनं दोनदा विचारलं. खुर्चीत बसून मी ऐकायचो आणि खरंच, तबला इकडं, बाई मध्ये, सारंगी तिकडं. आबा बाहेर. परत येऊन अहवाल द्यायचे.

“पिठाच्या गिरणीपर्यंत येतोय. गिरणी बंद असती तर पुढं गेला असता.”

मी आवाज कमी करून पाहिला. म्हणजे तरी बाहेर जायचं कारण उरणार नाही. त्या दिवशी ते लगेच परत आले, चेहरा सुतकी.

“फाटकापर्यंतच जातोय रे. डबी बिघडली का काय?”

रविवारी दुपारी माझा तोल गेला. त्यांच्याच पेटीतलं एक जुनं गाणं मला इंटरनेटवर सापडलं होतं, नवरी सासरी निघताना ते वाजवायचे ते. बाईचा एक लांबलचक सूर आहे त्यात. मी त्यांना आधी सांगितलं, खुर्ची दाखवली, आणि ते दारात एका पायात चपला घालून उभे होते.

“एकदा बसा ना, आबा! हे घरात बसून ऐकायचं असतं. लोक मांडवात बसतात तसं बसा!”

“मांडवात कव्हा बसलो व्हतो मी?” आबा म्हणाले.

“म्हणजे?”

“म्हंजे काय म्हंजे. पंगत पडायची येळ झाली की यजमानाला घाम फुटायचा. माणूस चांगला असला तरी. याला कुठं बसवावं? हाकलावं तर भोंगा बंद व्हईल, बसवावं तर पाव्हणे उठतील. मग मीच म्हणायचो, आवाज कुठवर जातोय ते बघून येतो. माघारी येईस्तोवर पंगत उठल्याली असायची. त्याचीबी सोय अन् माझीबी.”

“मग जेवायचे कुठं?”

“घरून भाकर न्यायचो की. वढ्यापल्याड बसून खायाची. गाणंबी ऐकू यायचं.”

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. अर्थिंगबद्दल सांगितलं होतं त्याच सुरात सांगितलं, आणि दुसरी चप्पल शोधायला लागले.

आम्ही बौद्ध. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला, आणि ज्यांच्या मांडवात मशीन जायचं ते बहुतेक वरच्या आळीतले जमीनवाले. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण वडिलांचं चालणं मी कामातला काटेकोरपणा समजत होतो. जयंतीला आमच्या वस्तीत भोंगा लागायचा तेव्हा आबा मशीनजवळ मांडी घालून बसायचे, कुठंही जायचे नाहीत. तेव्हाच मला कळायला हवं होतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्या यजमानांचा इतका राग आला की त्यातले निम्मे आता हयात नाहीत याचंही वाईट वाटलं.

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलेलं असणार, कारण ती लगेच आत गेली आणि ताट घेऊन आली. वरण, भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. खुणांमधल्या खुर्चीपुढं स्टूल ओढून तिनं ताट ठेवलं.

“आबा, चप्पल काढा. वाढलंय.”

“तिथं व्हय?”

“हो, तिथं.”

आबांनी ताटाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “अन् आवाज?”

“तुम्ही जेवा,” मी म्हणालो. “आवाज मी बघून येतो.”

गाणं लावून मी बाहेर पडलो. काय करतोय हे मला नीट माहीत नव्हतं, म्हणून त्यांच्यासारखाच हात मागं बांधून चालत राहिलो. कोपऱ्यावर आपल्या हातगाडीशी इस्त्रीवाले चाचा कोळसे फुंकत होते. तिथवर गाणं स्पष्ट येत होतं.

“क्या प्रोग्राम है जी, आपके घर?” त्यांनी विचारलं.

“वडील जेवायला बसलेत,” मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. मी तिथंच उभा राहिलो. डोळे भरून आले होते, पण कोळशाचा धूर होता, त्यामुळं खुलासा करावा लागला नाही. गाणं संपलं तसा परत आलो.

आबा खुर्चीत होते. अर्धी भाकरी ताटात तशीच. खरकटा हात वाळला होता.

“चाचांच्या गाडीपर्यंत येतो,” मी अहवाल दिला.

त्यांचं लक्ष नव्हतं.

“ती बाई मधी दम घेती रे,” आबा म्हणाले. “लांब सूर लावती ना, त्याच्या मधी. हळूच घेती. मला वाटायचं एका दमात म्हणती. लोकायला बी तसंच सांगत आलो.”