पाच सुती बोल्ट

मांडवीच्या बंदरात हरिश्चंद्र मिस्त्री म्हणजे देवाखालोखालचा माणूस. इंजिनाच्या होड्या आल्या तेव्हा ज्याने त्याने मिळेल तिथून इंजिन आणलं, आणि एका होडीचा बोल्ट दुसरीला बसेल तर शपथ! पाण्यातल्या पंख्याचा दांडा इंजिनाला जखडणारे हे बोल्ट भर समुद्रात तुटले की होडी ओंडक्यासारखी तरंगत राही. मग कुणीतरी ती ओढत आणायची आणि मिस्त्रीला हाक मारायची. त्याच्या भिंतीवर एका खिळ्याला त्रेचाळीस होड्यांच्या बोल्टांच्या भोकांचे पुठ्ठ्याचे नमुने टांगलेले. डोळे मिटून, नुसती भोकं चाचपून तो होडीचं नाव सांगे, आणि सांगताना त्याची मिशी फुले.

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात, होड्या किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली निजलेल्या असताना, नाखवे आणि मिस्त्री यांनी मिळून 'माप मंडळ' काढलं. पगार कुणालाच नाही. चहासुद्धा ज्याने त्याने घरून पिऊन यायचं. अध्यक्ष अर्थात हरिश्चंद्र. सगळ्या होड्यांना एकच माप कोणतं, आणि ते कसकसं आणायचं, याचा आराखडा त्यानेच करायचा ठरला.

घरी येऊन तो खिळ्याकडे बघत बसला. त्याची बायको तुळसा म्हणाली, "सगळ्यांचा माप एक झाला, मंग तुमाला कोन इचारनार?"

नेमकं हेच त्याला आतून खात होतं. ते बायकोने ओळखलं म्हणून त्याला तिचाच राग आला.

पुढच्या बैठकीत तर मासळी बाजार झाला. जो तो आपल्याच होडीचं माप पुढे करत होता, आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता लवू तांडेल. बंदरावरच्या पूजेत नारळ आधी कुणी फोडायचा यावरून त्याचं आणि हरिश्चंद्राचं चार वर्षं बोलणं नव्हतं. आणि सगळ्यांत जाड बोल्ट नेमका लवूचाच, पाच सुती. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हरिश्चंद्र उभा राहिला.

"भोक मोठा करता येतो, बारीक करता येत नाय. म्हनून लवूचा माप धरायचा."

लवू इतका गडबडला की म्हणाला, "माजा कशाला?"

आराखडा साधा होता. चालत्या होडीला हात लावायचा नाही. जिचे बोल्ट तुटतील तिचीच भोकं वाढवायची. बोल्टांचं आटपलं की पंपाचे पट्टे, आणि शेवटी संकटात दाखवायच्या कंदिलाच्या खुणा. एकेक होडी नव्या मापावर आली तसा खिळ्यावरचा एकेक पुठ्ठा उतरला. तुळसा तो चुलीत घाली, आणि त्याच विस्तवावरचा चहा मिस्त्री मुकाट्याने पिई. चार वर्षांनी खिळ्यावर एकच पुठ्ठा उरला, लवूचा.

सत्त्याऐंशीच्या मार्गशीर्षात एका दुपारी लवू धापा टाकत दारात आला. "मिस्त्री, भाट्याच्या खाडीभायेर माजे बोल्ट तुटले!"

हरिश्चंद्र हत्यारांच्या पेटीकडे धावला.

"बस रे मेल्या! केरूची होडी बाजूलाच व्हती. त्यानं चार बोल्ट टाकले, आमी बसवले, आनि कुनी न वडता घरला आलो. तुजी गरजच लागली नाय!"

हरिश्चंद्र पेटीवरच बसला. क्षणभर छातीत कळ आली, खरंच आली. मग हसू असं उसळलं की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"तुळशे, चाय टाक! लवू आलाय," तो ओरडला. "आज माजी गरज लागली नाय!"

आणि त्याची मिशी फुलली.