दोन्ही बाजूंना एकच गाणं

वरात निघाली की बँडवाले ते गाणं अजून वाजवतातच. सुरुवातीचा ठेका पडला की पोरं अंगात आल्यासारखी नाचायला लागतात. चाळीस वर्षं होत आली, पण गाणं काही म्हातारं होत नाही. मी तेवढ्यापुरता पान खायला बाजूला जातो.

आमच्या अक्काला ते गाणं फार आवडायचं. माहेरी असताना बोरीच्या बाजारात कॅसेटवाल्यानं ते लावलं की हिचं भाजी घेणं थांबायचं. लग्नात वडिलांनी तिला टेप दिला होता, पण राणीसावरगावला सासरी त्यावर नुसती भजनं वाजायची.

गाणं गाजत होतं त्या साली पंचमीला अक्काला माहेरी आणायला मुऱ्हाळी म्हणून मी निघालो. तेव्हा मी परभणीला कॉलेजात होतो. आई पंधरा दिवसांपासून अंथरुणावर होती आणि तिला लेकीला बघायचं होतं. दुखण्याचं तिथं बोलू नको, ती वाटभर रडत येईल, सणाला न्यायला आलो एवढंच म्हण, असं वडिलांनी बजावलं होतं. मंगळवारी दुपारी पोचायचं आणि तिला घेऊन लगेच मागं फिरायचं, असं ठरलं होतं.

गंगाखेडला एसटी बदलायची होती. स्टँडसमोर कॅसेट भरून देणारं दुकान दिसलं. बहिणीकडं रिकाम्या हातानं काय जायचं, म्हणून मी दोन्ही बाजूंना तेच गाणं पुन्हा पुन्हा भरून मागितलं. दुकानदार हसला. मला वाटलं पाच मिनिटांचं काम, पण कॅसेट वाजायला जेवढा वेळ लागतो तेवढाच भरायलाही लागायचा. एक बाजू झाली आणि समोर राणीसावरगावची एसटी लागली. अर्धी कॅसेट घेऊन पळालो असतो तर मिळाली असती. दुसरी येईलच की, म्हणून मी बसून राहिलो.

दुसरी संध्याकाळी आली. पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. उशीर का झाला, असं विचारल्यावर मी विद्यापीठाच्या नामांतरावरून रस्ता अडवला होता म्हणून ठोकून दिलं. त्या वर्षांत हे कुणालाही पटायचं. दुसरा दिवस बुधवार. अक्काच्या सासूबाई म्हणाल्या, "जाशील बुधी तर येशील कधी. बुधवारी सुना धाडतेत का कुठं, पाव्हणं?" गुरुवारी पंचमी, सणादिवशी सून घराबाहेर काढायची नाही. शुक्रवारी न्या म्हणाल्या. आईचं दुखणं दहादा ओठांवर आलं. पण वडिलांचा धाक होता आणि कुणी खोदून विचारलं असतं तर माझं रस्त्याचं खोटंही उघडं पडलं असतं. मी भित्रेपणानं गप्प बसलो.

पंचमीला अक्कानं मी दिलेली कॅसेट घालून टेप झोक्याच्या झाडाखाली नेला. दिवसभर जावा-नणंदांबरोबर झोका घेत ती तेच गाणं ऐकत होती. सासरी तिला इतकी खुश मी कधी पाहिली नव्हती.

शुक्रवारी आम्ही गावात उतरलो तर वेशीपाशी माणसं थांबलेली. आई गुरुवारी दुपारीच गेली होती. लेकीची वाट बघून शुक्रवारी सकाळी सगळं उरकलं होतं. वडील एवढंच म्हणाले, एसटीचा हॉर्न वाजला की विचारायची, आली का.

कॅसेटपायी उशीर झाला, हे मी कुणालाही सांगितलं नाही.

परवा अक्काच्या नातीचं लग्न झालं. वरातीत ते गाणं सुरू झालं आणि मी पानाच्या निमित्तानं वळलो. अक्कानं माझी बाही धरली.

"तवा रस्ता अडवला नव्हता ना?"

मी बाही सोडवायला गेलो, तिनं सोडली नाही.

"कॅसेटवर गंगाखेडच्या दुकानाचा शिक्का होता. समदी ऐकायला मला एक घंटा लागला. भरायला बी तेवढाच लागला असंल."

मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, असं मी कसंबसं विचारलं.

"काय बोलू? तू माझ्या हौसंपायी थांबलास. आईला वाट बघायला मीच लावली की."

चाळीस वर्षं ती हे एकटीनं मनाला लावून घेऊन बसली होती आणि मी तिच्यापासून तोंड लपवत होतो. तुझा काही दोष नव्हता गं, असं मी म्हणालो, पण तिला ते ऐकूच गेलं नाही. पोरांनी फर्माईश केली होती आणि बँडवाल्यांनी तेच गाणं पुन्हा सुरू केलं होतं.