गच्चीवरचं स्टुटगार्ट

ताईचं लग्न झालं आणि भावोजी महिन्याभरात जर्मनीला आपल्या नोकरीवर परत गेले. व्हिसा आला की ताईने मागून एकटीने जायचं होतं. विमानतळावरून एक गाडी स्टुटगार्टपर्यंत, मग तिथल्या मोठ्या स्टेशनवर उतरून गावोगाव थांबत जाणारी छोटी गाडी पकडायची. मधे वेळ सात मिनिटं. भावोजींना रजा नव्हती, ते पुढे आपल्या गावच्या स्टेशनवर थांबणार होते.

ताई तोवर पार्ल्याहून अंधेरीच्या पलीकडे एकटी गेली नव्हती. "मला नाही जमायचं, न्यायला येऊ देत त्यांना," म्हणून तिने अन्नत्याग केला. रात्रीचाच, दुपारी आमटी व्यवस्थित ओरपत होती. बाबांनी फर्मान काढलं की बिल्डिंगच्या गच्चीवर रंगीत तालीम करायची.

गच्चीवर खडूने फलाट आखले. पाण्याची टाकी म्हणजे स्टेशनचा मनोरा. तिथे रूळ व्हीटीसारखे येऊन संपतात, त्यामुळे फलाट बदलायला पूल चढावा लागत नाही, असं भावोजींनी फोनवर सांगितलं होतं. बाबांना ते पटेना. एवढा पुढारलेला देश आणि साधा पूल नाही? त्यांनी मधे एक स्टूल ठेवलं. ताई दोन संध्याकाळी बॅग घेऊन त्या स्टुलावर चढली-उतरली. मग आईला माळ्यावरचे डबे काढायला स्टूल लागलं, आणि जर्मनीतला पूल गेला.

आई तिकीट तपासनीस झाली. मी लाउडस्पीकर. मला जर्मनचं अक्षरही येत नव्हतं, पण घसा खाकरून रागाने काहीही बोललं की सगळ्यांना पटायचं. तळमजल्यावरचे काका म्हणजे छोटी गाडी. बँकेतून निवृत्त झालेला भारदस्त माणूस, पण शिट्टी फार सुरेख मारायचा.

घोटाळा असा की काकांची गाडी सुटायचीच नाही. ताई अर्ध्या वाटेत असली की काका चप्पल शोधायचे, चष्मा पुसायचे, कठड्याला टेकून दम खायचे.

"अहो, जर्मन गाडी थांबत नाही कुणासाठी," बाबा ओरडायचे.

"पोर येतेय ना समोरून. दिसतेय मला," काका म्हणायचे.

शेजारच्या मालवणी मावशींना आम्ही प्रवासी केलं होतं. त्या तर ताईची बॅगच उचलून घ्यायच्या. "चेडवाक सोडून गाडी जातली कशी? वेडे आसत की काय ते?"

विमानाच्या आदल्या संध्याकाळी बाबा इरेला पेटले. "आज गाडी चुकलीच पाहिजे. चुकल्यावर काय करायचं, ते कोण शिकवणार हिला?" आई म्हणाली, निघायच्या वेळी अभद्र बोलू नका. बाबांनी ऐकलं नाही. काकांना त्यांनी बजावलं की मागे बघायचं नाही.

मी खाकरले. ताई निघाली. तेवढ्यात मावशींनी तिला अडवून तळहातावर दही-साखर ठेवली. प्रवास खोटा असला म्हणून काय झालं. आता त्या हाताने बॅग कशी उचलणार? इकडे काकांनी डोळे मिटले, शिट्टी मारली आणि खरंच निघाले. जिना उतरत, शिट्टी वाजवत, पार तळमजल्यापर्यंत गेले.

आता ही रडणार, अशी आम्हा सगळ्यांची खात्री होती.

ताईने शांतपणे दही चाटलं, हात पुसला आणि माझ्याकडे आली.

"पुढची गाडी कधी आहे?"

"तासाने," मी म्हटलं. घाईत मराठीतच.

"बरं. मग ह्यांना फोन करून सांगते, उशीर होईल म्हणून." तिने बॅग आडवी केली, तिच्यावर बसली आणि तिकीट तपासनिसाला विचारलं, "इथे चहा कुठे मिळतो?"

मला एकदम कळलं की ही उद्या खरंच जाणार आहे. आठवडाभर मी तिची टिंगल करत होते ती याच भरवशावर, की हिला काही जमायचं नाही.

आम्ही बाबांकडे पाहिलं. त्यांचंच म्हणणं खरं झालं होतं, शाबासकी द्यायची पाळी त्यांची होती. ते कठड्यापाशी गेले आणि वाकून खाली ओरडले, "अहो, गाडी परत आणा वर. तिला घेतल्याशिवाय गेलात कसे तुम्ही?"